आप्पांचा ‘व्हय’

तेलाचे रिकामे डबे भंगारवाला घेऊन जातो. किस्से कोण नेणार? ते दवाखान्यात साठतच जातात. यवतला हायवेच्या कडेला माझा पंचकर्माचा दवाखाना आहे, आणि माझ्याकडे जास्त करून येतात ती ‘वारं गेलेली’ माणसं. आमच्या भागात लकवा म्हणायला माणूस कचरतो. ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतो. म्हणजे आलं, गेलं, आता काय नाही!

मैत्रिणी जमल्या की म्हणतात, “वैद्यीणबाई, सांगा की एखादा!” मी सांगते, त्या पोट धरून हसतात. घरी जाताना मात्र माझंच तोंड उतरलेलं असतं. कारण ह्यातला एकही किस्सा असा नाही, ज्याच्यात कुणाचं काहीतरी हातचं गेलेलं नाही.

एक आधीच सांगते, नाहीतर उद्या माझ्या दारात रांग लावाल. माझं तेल मेलेल्या हातात जीव घालत नाही. वारं गेलं की आधी हॉस्पिटल, तेही पळत! तिथून जीव वाचवून माणूस घरी आला की मग आमचं काम सुरू. तेल, शेक, बस्ती, आणि सगळ्यात जास्त म्हणजे व्यायामासाठी मागं लागणं. माझी जीभ तिखट आहे. निम्मे पेशंट औषधानं हलतात, निम्मे माझ्या बोलण्यानं.

*

मांडवगण फराट्याचे बबनमामा. सकाळी धार काढायला बसले आणि तिथंच कलंडले. तोंड वाकडं, डावा हात लोंबता. आता घरात जीप होती, दोन पोरं होती. ताबडतोब निघायचं ना? निघाले, पण कुठं? कबुतर शोधायला! कबुतराचं गरम रक्त चोळलं की वारं उतरतं, असं कुणीतरी सांगितलेलं. दिवसभर गावोगाव कबुतर हुडकलं. मिळालं तेव्हा उन्हं कलली होती. मग कुणीतरी म्हणालं, यवतला एक बाई चोळायचं काम चांगलं करतात.

पोरगा पिशवी घेऊन आत आला. पिशवी हलत होती. अगदी अदबीनं मला विचारतो, “मॅडम, रगात तुमी काढता, का आमी काढून देऊ?”

मी जी ओरडले! बाहेरच्या टपरीवरचे लोक उठून आले. तशीच ॲम्ब्युलन्स बोलावली आणि मामांना पुण्याला पाठवलं. तिथले डॉक्टर म्हणाले, “सकाळी आणलं असतं तर...” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की पुढचं कुणी सांगावं लागत नाही.

पिशवी आमच्याकडंच राहिली. आमच्या कमलताईंनी, म्हणजे तेल लावायला असतात त्यांनी, तिचं तोंड सोडलं. कबुतर उडालं आणि गेलं नाहीच, दवाखान्याच्या बोर्डावर जाऊन बसलं. तिथंच राहतं ते आता, बोर्ड पांढरा करून ठेवलाय. पुढं बबनमामा माझ्याकडं शेकायला यायला लागले. पाय सुधारला, हात काही सुधारला नाही. आत यायच्या आधी वर बघायचे, आणि चांगल्या हातानं कबुतराला रामराम घालायचे.

“ह्याचं वाचलं मॅडम,” म्हणायचे. “माझं ऱ्हायलं.”

*

बस्तीचं सांगते. वाताच्या आजारात आमच्या शास्त्रात बस्तीला फार मान. म्हणजे औषधी काढा आणि तेल गुदमार्गातून द्यायचं. आता हे हायवेवर ढाबा चालवणाऱ्या माणसाला कसं समजवायचं? त्याचं तोंड वाकडं झालेलं, एक डोळा मिटत नव्हता. हॉस्पिटलातून तपासून आलेला. मी सगळं नीट सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

“मॅडम,” म्हणाला, “बिघाड वरल्या मजल्याला हाय. तुमी तळमजल्याला काय करताय?”

कमलताई तोंडात पदर कोंबून बाहेर पळाल्या. मीही हसले. तो मात्र हसला नाही, त्याला हसताच येत नव्हतं. लाजून गेला तो परत आलाच नाही बरेच महिने. आला तेव्हा चेहरा बराच तसाच राहिलेला. मी म्हटलं, अहो, बस्ती नको होती तर नको म्हणायचं, दुसरं काही केलं असतं, चेहऱ्याचे व्यायाम तरी शिकवले असते! तर म्हणाला, “ढाब्यावर पोरांनी इचारलं आस्तं, शेठ, औषध कुठनं घेताय? काय सांगणार व्हतो?” लाजेपायी माणसं किती काय सोडून देतात!

*

आता आप्पा. आप्पा राहू गावचे. ऊसवाला गडी, आवाज असा की वरच्या बांधावरून हाक मारली की खालच्या बांधावरचा बैल थांबायचा. आणि स्वभाव? ‘न्हाई’! सोसायटीची मीटिंग असो, सोयरीक असो, कुणी काही विचारायचा अवकाश, पहिला शब्द ‘न्हाई’. नंतर विचार. त्यांच्या बायको, सुभद्राकाकू, सांगायच्या, “मॅडम, लगीन झाल्यावर मी पयल्यांदा इचारलं, च्या ठिवू का? तर न्हाई म्हणाले. आन् मंग घटकाभरानं म्हणत्यात, च्या का न्हाई ठिवला?”

आप्पांना वारं गेलं तेव्हा लेकानं शहाणपणा केला, तडक हॉस्पिटल गाठलं. जीव वाचला. उजवं अंग गेलं, आणि वाचा गेली. कळत सगळं होतं, माणसं ओळखत होते, पण शब्द येईना. आणि एके दिवशी आला. एकच आला. ‘व्हय’!

जन्मभर ‘न्हाई’ म्हटलेल्या माणसाच्या तोंडात देवानं शिल्लक काय ठेवलं, तर ‘व्हय’.

कमलताई साठी नावाच्या तांदळाच्या भाताच्या पोटल्या करायच्या. तो भात दुधात आणि काढ्यात शिजवून फडक्यात बांधायचा आणि गरम गरम अंगावर फिरवायचा. पण वारं गेलेल्या अंगाला चटका कळत नाही, म्हणून सारखं विचारावं लागतं.

“आप्पा, गरम लागतंय का?”

“व्हय.”

“का गार झालंय?”

“व्हय!”

“आप्पा, मी बघू तरी कसं?”

“व्हय, व्हय!” आणि स्वतःच वैतागून डाव्या हातानं गादीवर बुक्की मारायचे. मग कमलताई प्रत्येक पोटली आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघायच्या.

मी जिभेला वेखंड आणि मध चाटवायचे, आरशासमोर तोंडाचे व्यायाम घ्यायचे. पुण्याच्या वाचातज्ज्ञ बाईंनी लिहून दिलेलं सगळं करून घ्यायचे. काकूंना मी पहिल्याच आठवड्यात म्हटलं होतं, “दुसरा एक शब्द आला ना काकू, की वाट मोकळी होईल.” त्या दिवसापासून काकू त्या दुसऱ्या शब्दाची वाट बघायला लागल्या.

*

सुरुवातीला काकूंनी मजा केली, खोटं कशाला सांगू! एक दिवस आल्या त्या खुशीतच. म्हणाल्या, “मॅडम, कुत्रं पाळलं.”

“आप्पांना चाललं?”

“इचारलं की! व्हय म्हणाले.”

मग टीव्ही आतल्या खोलीतून बाहेर आला. मग तुळशीपाशी फरशी बसली. आप्पांनी वर्षानुवर्षं अडवलेलं एकेक काम मार्गी लागायला लागलं. लेक म्हणाला, “आई, तू त्यांच्या आजाराचा फायदा घेती.” काकू ताडकन म्हणाल्या, “मंग? तुझ्या बापानं माझ्या तब्येतीचा कमी घेतला व्हय?”

त्यांच्या गावात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. दोन पॅनेल, दोन्हीकडं भावकीच. पहिल्या पॅनेलचे आले, पाया पडले, “आप्पा, मत आपल्यालाच ना?” “व्हय!” खूश होऊन गेले. दुसरे आले. “आप्पा, आशीर्वाद ऱ्हाऊ द्या, औंदा आपलंच पॅनेल ना?” “व्हय!” तेही खूश. निकालानंतर दोन्हीकडचे गुलाल लावायला आले! हरलेले म्हणत होते, आप्पांनी तरी शब्द पाळला. आप्पा मतदानाला गेलेच नव्हते, काकूंनी उन्हाचं नेलं नव्हतं.

पण सगळ्यात मोठं काम राहिलं होतं. काकूंची धाकटी बहीण शिरूरला. तिच्या लग्नात मानपानावरून आप्पा रुसलेले, आणि तेव्हापासून त्या घराची पायरी बंद. स्वतः गेले नाहीत, काकूंना जाऊ दिलं नाही. बहिणीची पोरं मोठी झाली, मावशी फोटोतच. तर काकूंनी विचारलं, “शिरूरला जायाचं का?”

“व्हय.”

गाडी करून गेल्या. बहिणीचे मालक दारात उभे. हात जोडून म्हणाले, “आप्पा, राग गेला का?”

“व्हय!” आप्पा म्हणाले. मोठ्यानं म्हणाले. सगळं घर रडायला लागलं. पुरणपोळी झाली, टॉवेल-टोपी झाली, जो मान लग्नात राहिला होता तो सगळा झाला.

काकूंनी मला हे सांगितलं तेव्हा मला वाटलं, आता तरी सुखानं हसतील. तर त्या हातातली पिशवी नुसती चाचपत बसल्या. “मॅडम,” म्हणाल्या, “मी येताना गाडीत त्यांस्नी इचारलं, आजून राग हाय का? तर व्हयच म्हणाले.”

*

मधेच तात्यांचं सांगते, कारण हा किस्सा मला अजून पचलेला नाही.

तात्या यवतचेच. उजव्या हातात थोडी हालचाल यायला लागलेली. मी त्यांच्या सुनेला बोलावलं, चमच्याच्या दांडीला जाड फडकं गुंडाळून दिलं आणि म्हटलं, “उद्यापासून भरवायचं बंद. सांडू दे, तासभर लागू दे, पण ह्याच हातानं खाऊ दे.” हात वापरला तरच हात राहतो. सून हुशार, बारावी झालेली, लगेच पटलं.

पण आमच्याकडं आजारी माणसाला भेटायला येणाऱ्यांची रीघ असते. चहा प्यायचा, बिस्किटाचा पुडा ठेवायचा आणि आपल्या ओळखीत ह्याच दुखण्यानं कोण कोण गेलं ते सांगायचं! त्यातल्या एका आत्याबाईंनी बघितलं, तात्या थरथरत्या हातानं आमटी सांडत जेवतायत आणि सून समोर नुसती बसलीय. झालं! “सासऱ्याला हातानं खायाला लावती. सुनंला चार घास भरवाया जड झालं.”

पोरगी घाबरली. मग तिनं युक्ती काढली. कुणी आलं की भरवायची. कुणी नसलं की दार लावून तात्यांना स्वतः जेवू द्यायची. मी म्हटलं, शाब्बास! तर आठवड्याभरात गावात नवी आवई. “दार लावून घेती. आत म्हाताऱ्याला उपाशी ठिवत आसंल.”

नवऱ्यानं सुनावलं, सासूनं सुनावलं. पोरीनं हात टेकले. दार उघडं टाकलं आणि सगळ्या गावासमोर तात्यांना घास भरवायला लागली. आता तिच्यासारखी सून पंचक्रोशीत नाही. महिला मंडळानं साडी-चोळी देऊन सत्कार केला. तात्यांना खुर्चीवर आणून पहिल्या रांगेत बसवलं होतं. मी गेले होते. सगळ्या बाया टाळ्या वाजवत होत्या, आणि तात्यांचा उजवा हात मांडीवर नुसता पडलेला.

मला जवळ बोलावून हळूच म्हणाले, “लई गुणाची पोर हाय मॅडम. तिचं नाव झालं, माझा हात गेला.”

*

आणि एक माझा हिरो. रांजणगावला कंपनीत सुपरवायझर होता. काय मेहनत घ्यायचा! मी दहा वेळा सांगितलेला व्यायाम वीस वेळा करायचा. काठी टाकून चालायला लागला. पुतण्याच्या वरातीत नाचला, त्याचा व्हिडिओ मला पाठवला. मी तो येईल त्या पेशंटला दाखवायचे.

मग एके दिवशी निरोप आला. पुन्हा वारं गेलं, आणि ह्या खेपेला माणूसच घेऊन गेलं. बीपीच्या गोळ्या त्यानं बंद केल्या होत्या. कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोला एवढंच म्हणाला होता, “आपलं आयुर्वेदिक चालू हाय ना? मंग इंग्लिश गोळ्या कशाला? उगं साईड इफेक्ट.”

दहाव्याला गेले. त्याचा भाऊ हात जोडून पुढं आला. “मॅडम, तुमच्या औषधाचा लई गुण आला व्हता बघा. पार गोळ्या सुटल्या त्याच्या!”

मला रडू आलं ते दुःखाचं वाटलं त्यांना. होतंच, पण संतापाचंही होतं. तेव्हापासून दवाखान्यात मोठ्या अक्षरात पाटी आहे, ‘बीपीची गोळी बंद करण्याआधी मला भेटा, मला शिव्या द्यायच्या आहेत.’ लोक वाचतात आणि हसतात. हसू देत, गोळी घ्या म्हणजे झालं.

*

आप्पांचं दुखणं जुनं व्हायला लागलं. पायानं जोर धरला, काठी टेकत दवाखान्याच्या तीन पायऱ्या चढायला लागले. जेवण डाव्या हातानं, पण आपलं आपण. तोंडात मात्र तेच. मी चप्पल दाखवायचे, “आप्पा, ही भाकरी आहे का?” “व्हय.” कमलताईंकडं बोट करायचे, “हा पुरुष आहे का?” “व्हय!” कमलताई म्हणायच्या, “आप्पा, निदान मला तरी न्हाई म्हणा वो!”

काकूंचं हसणं बंद झालं होतं. कुत्रं, टीव्ही, फरशी, शिरूर, सगळं मिळालं होतं. एक दिवस तेलाचा वास अंगावर घेऊन बाकावर बसल्या होत्या. म्हणाल्या, “मॅडम, लोकं म्हणत्यात, सुभद्रा सुटली, आता घरात तिचं राज्य. कसलं राज्य? मी भितीला इचारते आन् भितच हू म्हणती. मला भांडायला माणूस पायजे वो. एवढं एक ‘न्हाई’ काढा त्यांच्या तोंडातनं, मंग दुसरं कायबी नगं.”

खोटी आशा मी देत नाही, तिखट जिभेचा तेवढा एक फायदा. सांगितलं, “काकू, इतके दिवस झाले. येईल तर येईल. पण आता नाहीच आला, तर ह्याच एका शब्दावर तुम्हाला संसार काढावा लागेल.”

काकूंनी मान हलवली. “काढीन,” म्हणाल्या. “एका शब्दावरच काढलाय की हितवर बी. तवा त्यो दुसरा व्हता.”

*

वटपौर्णिमेचा दिवस होता. काकू सकाळी गावातल्या वडाला दोरा गुंडाळून, उपाशीपोटी, आप्पांना घेऊन आल्या होत्या. नऊवारी ठेवणीतली, हातात हिरव्या बांगड्या, कपाळावर मळवट. आप्पांचं शेकून झालं होतं, कॉटच्या कडेला पाय सोडून बसले होते. काकू खाली बसून त्यांच्या पायात चप्पल सरकवत होत्या, कमलताई पोटल्या आवरत होत्या. मी दारात उभी होते.

कमलताई गमतीनं म्हणाल्या, “काकू, काय मागितलं वडाला?”

“काय मागणार? हेच मालक, सात जलम.” काकूंनी चप्पल घालता घालता वर बघितलं आणि एकदम थांबल्या. “बया! दर साली त्या झाडाला सांगते. ह्यांस्नी कवा इचारलंच न्हाई की!”

मग हसत हसत आप्पांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“आवं, पुढल्या जलमी बी मीच चालंल का तुमास्नी?”

आप्पा त्यांच्याकडं बघत राहिले. तोंड उघडलं, मिटलं. मानेच्या शिरा ताठ झाल्या. ओठ वेडेवाकडे झाले, डावा हात कॉटच्या कडेला घट्ट. मी पुढं व्हायला निघाले, मला वाटलं परत झटका येतोय.

“न्हाई,” आप्पा म्हणाले.

स्वच्छ म्हणाले. आणि परत म्हणाले, “न्हाई.” मग डाव्या हातानं काकूंचं डोकं कुरवाळायला लागले आणि ढसाढसा रडायला लागले.

काकू तशाच खाली बसलेल्या. आणि मग अशा उठल्या, की मळवट पुसला, पदर घसरला, कशाची शुद्ध नाही! एक चप्पल आप्पांच्या पायात, दुसरी ह्यांच्या हातात. तशाच बाहेर रांगेत बसलेल्या पेशंटपुढून रस्त्यावर गेल्या, आणि परत आल्या त्या स्टँडजवळच्या दुकानातला पेढ्यांचा पुडा घेऊन. एकेकाच्या हातावर पेढा ठेवत निघाल्या.

“आमचे मालक बोलले! न्हाई म्हणाले! घ्या, पेढा घ्या!”

रांगेत एक नवीन बाई बसली होती, नवऱ्याला पहिल्यांदाच घेऊन आलेली. तिनं पेढा घेतला आणि विचारलं, “काकू, कशाला न्हाई म्हणाले?”

“पुढल्या जलमी मी नगं म्हणाले,” काकू म्हणाल्या, आणि तिच्या हातावर आणखी एक पेढा ठेवला. “तोंड गोड कर बाई, तुझे बी बोलतील!”